मेहुणा, मी आणि विलंबमाफी

दहा माणसं कामाला असली की छापखान्याला ईएसआयचा कामगार विमा कायदा लागू होतो. माझ्याकडे नऊ होती. दहावा मेहुणा. तो कामगार नाही, हे सांगायला मी विमा न्यायालयात उभा राहिलो. ‘हा इसम काहीही काम करत नाही,’ इतकं खरं मी शपथेशिवायही कधी बोललो नव्हतो. पण समोरच्यांनी आमचीच व्हाउचरं काढली. ‘मेहुणा, चहापाणी’, दर महिन्याला तीच रक्कम, दर महिन्याला त्याची सही. निकाल विरोधात गेला. मालकाचे ३.२५ टक्के, कामगारांचे ०.७५, सगळी थकबाकी माझ्याच खिशातून, वर व्याज.

म्हटलं, मेहुण्याला हाकलतो. वकील म्हणाले, “उपयोग नाही. हा कायदा एकदा लागू झाला की माणसं कमी झाली तरी लागूच राहतो.”

मेहुण्याचंही तसंच आहे.

राहिलं हायकोर्ट. तेव्हाच्या १९४८च्या ईएसआय कायद्याचं कलम ८२, मुदत ६० दिवस. नकलेसाठी गेलेले दिवस त्यातून वजा होतात, तेवढीच काय ती दया. वकिलांनी निकालाची नक्कल कुरिअरने पाठवली, सोबत ‘ताबडतोब भेटा’ अशी चिठ्ठी. मला ती सापडली खालच्या खणात, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकांखाली. तोवर मुदत उलटून गेली होती.

बायकोने सोबतीला मेहुणा दिला आणि मी वकिलांकडे गेलो.

“विलंबमाफीचा अर्ज करू,” ते म्हणाले. “मुदतीच्या कायद्याचं कलम ५. एकेका दिवसाचा कीस काढू नका, असं सुप्रीम कोर्टानं १९८७ सालीच सांगितलंय. पण कारण सबळ हवं. पाकीट कुणी घेतलं?”

“मेहुण्यानं.”

त्यांनी चष्मा काढला आणि कुरिअरची पोच माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर मेहुण्याची वळणदार सही, सहीवर छापखान्याचा गोल शिक्का, आणि शिक्क्याखाली त्याच्याच अक्षरात ‘आवक लिपिक’.

म्हणजे खरं कारण लिहावं तर मेहुणा टपाल घेतो, शिक्का मारतो, दप्तर सांभाळतो. झालाच की कामगार! न लिहावं तर अपील मुदतबाह्य. खोटं शपथपत्र करायला वकील तयार नाहीत. आजारी होतो म्हणावं, तर त्याच दिवसांत साडूच्या मुलीच्या वरातीत मी नाचल्याचा व्हिडिओ गावभर फिरलेला.

वकील गप्प. मी गप्प. मेहुण्यानं मात्र खुर्ची पुढे ओढली.

“दाजी, कशाला काळजी करता? शपथपत्र मी देतो. सही कुठं करू, सांगा. शिक्का आणलाय.”