पराभव आपल्या नावावर कसा चढवावा

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर शहापूर लागतं. ही मार्गदर्शिका तिथल्या, किंवा तशाच कुठल्याही गावातल्या, नवशिक्या उमेदवारासाठी आहे. तो ग्रामपंचायतीला पहिल्यांदा उभा राहिला, पहिल्यांदाच पडला, आणि निकालाच्या संध्याकाळी पानठेल्यावर कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "भाऊ, केस टाक."

गावात वीतभर धुऱ्यासाठी तीन पिढ्या भांडतात. पराभव मात्र अशी मिळकत आहे की तिच्यावर कोणीच हक्क सांगत नाही. मशीनच्या नावावर चढवा, पैशाच्या चढवा, भावकीच्या चढवा, सगळं चालतं. तिचा फेरफार स्वतःच्या नावावर करून घेणं हे अवघड काम आहे आणि त्याची रीत कोणी शिकवत नाही, म्हणून हा खटाटोप.

साहित्य: वॉर्डाची मतदार यादी (प्रचारात खुणा केलेली, नवी कोरी नव्हे), निकालाचा आकडा, आणि तुमच्या प्रत्येक वाक्याला "हो भाऊ" न म्हणणारा एक माणूस. तो पॅनलमध्ये सापडत नाही, घरात शोधावा.

पहिलं काम म्हणजे झोप. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. पहिले चार दिवस झोपून काढले तरी अकरा उरतात. पण नवशिका उमेदवार निकालाच्या दुसऱ्याच दिवशी दुचाकीवर दोन कार्यकर्ते बसवून भंडाऱ्याला वकील गाठतो. कार्यकर्ते अन्याय सांगतात, वकील फी सांगतो. आकडा ऐकून कार्यकर्ते चहाला उठतात.

झोप झाली की मशीनचा प्रश्न सोडवून टाकावा. ग्रामपंचायतीच्या मतदानाला व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नसते, त्यामुळे मशीनवर आळ घेणं सोपं जातं. इथे घरातला तो माणूस कामी येतो.

"आपल्या वॉर्डातली मशीनच सेट होती."

"त्याच मशीनवर तुमच्या पॅनलचा सरपंच निवडून आला ना?"

"हो. पण तो वेगळा विषय आहे."

"काहून वेगळा? बटन तर एकाच खोलीत दाबलं लोकायनं."

इथे उमेदवाराने पाणी प्यावं.

मशीन कधीच बिघडत नाही असं कोणी म्हणत नाही, भंडाऱ्यात तर नाहीच. मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत ऐन उन्हाळ्यात यंत्रांनी दगा दिला, लोक रांगेत ताटकळले, आणि दोन दिवसांनी ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं. पण तक्रार त्याच दिवशी, त्याच केंद्रावरून, घडलेल्या गोष्टीची झाली होती. तुमचा प्रतिनिधी मतदानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत केंद्रात बसून "सगळं ठीक आहे" म्हणत होता आणि निकालानंतर त्याला मशीनचा आवाज वेगळा वाटला, तर ती तक्रार नव्हे, स्मरणरंजन आहे.

मशीन सुटली की मन प्रतिस्पर्ध्याकडे वळतं. ग्रामपंचायतीच्या राजकारणातली ही सर्वांत लोकप्रिय पायरी. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य, सरकारी जागेवरचं अतिक्रमण, थकलेला घरकर, न बांधलेला संडास: निवडून आलेल्याला घरी पाठवायला कायद्यात बऱ्याच वाटा आहेत आणि पडलेल्या उमेदवाराला त्या सगळ्या पाठ असतात. निवडून आला असता तर ग्रामपंचायतीचे नियमही त्याने इतक्या आस्थेने वाचले नसते. जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या आजोबांनी रस्त्याच्या कडेला ओढलेली पडवी. अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं आणि सदस्य त्यात राहत असला तरी तो अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे, आणि गावात टेप धरायला आलेला माणूस एकाच घरापाशी थांबेल याची खात्री नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो अपात्र ठरला तर जागा तुम्हाला मिळत नाही, रिकामी होते. पोटनिवडणूक लागते, आणि तुम्ही पुन्हा त्याच मतदारांपुढे हात जोडून उभे. ज्यांनी तुम्हाला का नाकारलं हे तुम्ही अजून विचारलेलं नाही, तेच हे मतदार.

आता यादी काढा.

प्रचारात या यादीवर निळ्या पेनाने खुणा केल्या होत्या. बरोबरची खूण म्हणजे "आपला", फुली म्हणजे "त्याचा", गोल म्हणजे "डोलता". बरोबरच्या खुणा मोजा. समजा दोनशे भरल्या आणि मतं पडली एकशे तीस. सत्तर बरोबरच्या खुणा खोट्या निघाल्या. त्या कोणी केल्या? अक्षर ओळखा. एका पानावर सलग बावीस खुणा एकाच दमात मारलेल्या दिसतील, पेन न उचलता. त्या गल्लीत कोणी गेलंच नव्हतं, पानठेल्यावर बसून पान भरलं होतं. दुसऱ्या पानावर कामासाठी नागपूरला किंवा हैदराबादला गेलेल्यांची नावं. त्यांच्यापुढेही खूण, पण मतदानाला ती माणसं आलीच नाहीत. काही घरांपुढे कुठलीच खूण नाही, कारण त्या घरांशी तुमचं पाच वर्षांपासून बोलणं नाही. "ती मतं कुठं जातेत, आपलीच आहेत" असं कोणी म्हणालं होतं. कोण म्हणालं ते आठवा. फार लांब जावं लागणार नाही.

इथे नवशिक्यांचा धीर सुटतो आणि ते म्हणतात, फरक तर फक्त अमुक मतांचा होता. फरक लहान असला म्हणजे खटला मोठा होतो, हा गैरसमज. २०२४ च्या लोकसभेत मुंबई उत्तर पश्चिममध्ये अमोल कीर्तिकर ४८ मतांनी हरले, उच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्याच वर्षी विधानसभेला आपल्या साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. विधानसभेच्या मतदारसंघात २०८ मतं म्हणजे एखादं गाव, जिथे गाडी थांबवली नाही. मोजणीत खरोखर चूक दिसत असेल तर अर्ज जरूर करा, न्यायाधीशाला फेरमोजणीचा अधिकार आहे. मतं समसमान पडून चिठ्ठीत तुमचं नाव निघालं नसेल, तर मात्र चिठ्ठी उचलणाऱ्या पोराला प्रतिवादी करू नका.

कोणीतरी राजनारायण यांचं नाव काढेलच. पडलेल्या प्रत्येक उमेदवाराचे ते कुलदैवत. १९७१ मध्ये रायबरेलीत हरले आणि १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवड रद्द केली. पण त्या निकालात काय आहे? पंतप्रधानांच्या प्रचाराचं काम पाहणारे यशपाल कपूर सरकारी नोकरीतून नेमके कधी मुक्त झाले, सभेचं व्यासपीठ कोणत्या खात्याने बांधलं, वीज कोणी पुरवली. तारखा, कागद, साक्षी. "वातावरण आपल्या बाजूनं होतं, तरी कसे पडलो" हा मुद्दा त्यात कुठेही नाही.

आणि भंडाऱ्यात राहून आणखी एक नाव टाळता येत नाही. १९५२ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत नारायण काजरोळकरांकडून हरले. तेव्हा मतदारसंघ द्विसदस्य, प्रत्येकाला दोन मतं. दुसरं मत वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबर हरलेले समाजवादी अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली; ती फेटाळली गेली. इथपर्यंतची गोष्ट पानठेल्यावर सांगितली जाते, "बाबासाहेबसुद्धा कोर्टात गेलते ना भाऊ" म्हणून. पुढची सांगत नाहीत. १९५४ ला ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. इथेही दोन मतं, इथेही जोडीला अशोक मेहता. कार्यकर्त्यांनी सुचवलं की आपल्या माणसांनी एकच मत द्यावं, दुसरं वाया जाऊ द्यावं, म्हणजे जागा पक्की. आणि बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला, अशी आठवण सांगतात. मेहता निवडून आले. बाबासाहेब भाऊराव बोरकरांकडून ८,३८१ मतांनी हरले. ज्या गोष्टीची तक्रार केली ती गोष्ट स्वतः करायची नाही, मग जागा गेली तरी चालेल. त्यांचं नाव घेऊन अर्ज टाकायचा असेल तर आधी हा निकष लावून बघा: आदल्या रात्री समोरच्याने मटण शिजवलं, हा तुमच्या अर्जातला मुख्य मुद्दा आहे, आणि त्या रात्री तुमच्या वाड्यामागे चुलीवर काय होतं? उलटतपासणीत वकील हा प्रश्न विचारतोच, आणि ज्याने शिजवलं तो आता समोरच्या पॅनलमध्ये गेलेला असतो.

एवढं झाल्यावर फेरफाराची नोंद करायला हरकत नाही. पानठेल्यावर, चार माणसांत, चहा स्वतः सांगून म्हणायचं: "मी पडलो. वॉर्डात फिरलो नाही." एवढंच. पुढे "पण" आला तर नोंद रद्द समजावी. पहिल्या वेळी आवाज बसतो, खोकला येतो, कोणी हसेल. सगळ्यात मोठं आश्चर्य म्हणजे कोणीतरी हळूच सांगतं की माझ्या घरची चार मतं तुला नव्हती, कारण पाईपलाईन फुटली तेव्हा तू फोन उचलला नाहीस. एवढी खरी माहिती वकिलाच्या फीमध्येसुद्धा मिळत नाही.

शेवटी एक काम राहतं, ते केसच्या नादात बहुतेक विसरतात. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, पडलेल्यानेसुद्धा. नाही दिला तर पाच वर्षं उभं राहता येत नाही. म्हणजे समोरच्याला अपात्र करायला निघालेला माणूस स्वतःच अपात्र होऊन बसतो. तहसीलमध्ये जा, नमुना घ्या, पावत्या जोडा, खाली स्वतःची सही करा. चुलीवरचा खर्च कोणत्या रकान्यात घालायचा, हे मात्र या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.