नाना मालिका बघत नाहीत

नाना मालिका बघत नाहीत. हे त्यांनी स्वतः मला अनेकदा सांगितलंय. सांगण्याची वेळ बहुधा सकाळची असते, कारण आदल्या रात्रीच्या भागातल्या चुका दाखवायला ते तेव्हा आमच्या जिन्यात थांबलेले असतात. मालिका काकू बघतात. नाना फक्त त्याच खोलीत, त्याच सोफ्यावर, टीव्हीकडं तोंड करून वाल सोलत बसतात. कान काही खुंटीला टांगून ठेवता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांचा विषय ते काढत नाहीत.

हे वाल सोलणं मी जवळून पाहिलंय. मांडीवर ताट, उजव्या हाताला सोललेल्या डाळिंब्यांचं पातेलं, डाव्या हाताला सालांसाठी कागद. पडद्यावर 'ठरलं तर मग'मधली प्रिया, म्हणजे ती तन्वी म्हणून घरात शिरलेली खोटी मुलगी, आता पकडली जाणार अशी चिन्हं दिसत होती. ढोल वाजले, कॅमेरा एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा आदळू लागला. नानांचे हात थांबले नाहीत. फक्त डाळिंब्या कागदावर पडू लागल्या आणि सालं पातेल्यात. जाहिराती सुरू झाल्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि जाहीर केलं, "यंदा वालच चांगले नाहीत."

नाना साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. न्यायाधीश येतात आणि बदलून जातात, वकील ओरडून घरी जातात, पण कागद कुठल्या फडताळात आहे हे ज्याला ठाऊक तोच कोर्ट चालवतो, यावर त्यांची श्रद्धा. निवृत्तीनंतर कोर्ट सुटलं, श्रद्धा सुटली नाही. मग ती रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसू लागली. मराठी मालिका बहुधा घरगुती भांडणावर चालतात आणि दिवाणी न्यायालयंही त्यावरच, त्यामुळं नानांना परकं असं काही वाटलं नाही.

एक जुनी डायरी घेऊन ते चक्क रोजनामा लिहितात. मला दाखवायला ते तयार नव्हते. काकूंनी चहा देता देता पुढं सरकवली. एक नोंद अशी होती: 'वादी हजर. प्रतिवादी हजर, पण दाराआड. साक्षीदाराने तोंड उघडले, तेवढ्यात हातातले ताट पडले. युक्तिवाद अपूर्ण. पुढील तारीख उद्या.' दुसऱ्या पानावर नुसतंच: 'हळद. कामकाज नाही.' त्याच्या पुढच्या पानावरही हळदच. त्यानंतरच्या पानावर 'हळद चालू' लिहून त्याखाली दोन रेघा. एका घरातल्या हळदीला दुसऱ्या मालिकेतली माणसं आली, ज्याला वाहिनीवाले महासंगम म्हणतात, त्या दिवशी नानांचा शेरा होता, 'दावे एकत्र चालवण्याचा अर्ज कोणी दिला?'

कोर्टाचा प्रसंग असला की मात्र नानांची अवस्था बघवत नाही. न्यायाधीशानं हातोडा आपटला की ते अर्धे उठतात. "अहो, आपल्या कोर्टात हातोडा असतो का? इतकी वर्षं काढली मी. हातोडा होता, पण तो नाझराकडं, बाकाचे खिळे ठोकायला." त्यातून शेवटच्या क्षणी कुणीतरी धावत येऊन पेन ड्राइव्ह दिला की संपलंच. "यादीत आहे का तो? त्याच्यावर निशाणी कुणी टाकली? समोरच्याला नक्कल दिली का?" काकू म्हणतात, "अहो, दार उघडून ती आत तरी आली, हे नशीब समजा." नाना म्हणतात, "शिपायानं पुकारा केल्याशिवाय आत येतेच कशी?"

'ठरलं तर मग'चा पाया म्हणजे करारानं केलेलं लग्न. मधुभाऊ खुनाच्या आरोपात अडकलेले, सायलीला त्यांना सोडवायचंय, अर्जुन वकील, म्हणून दोघांनी आपसात करार करून संसार मांडला. डिसेंबर 2022 पासून अवघा महाराष्ट्र या करारात गुंतला. नाना पहिल्याच दिवशी बाहेर पडले. भारतीय करार कायदा, 1872, कलम 23: उद्देश बेकायदा असेल तर करार रद्दबातल. "एका वर्षानं सोडायचं असं ठरवून लग्न करायचं? हिंदू विवाह कायद्यात असली भाडेकराराची सोय नाही. परस्पर संमतीनं वेगळं व्हायचं तरी कलम 13 बी. आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, मग वर सहा महिने. हे तर एकाच खोलीत राहतायत!" यावर काकूंचा आक्षेप निराळाच होता. त्या म्हणाल्या, "एका खोलीत राहतायत म्हणून तर बघतोय आम्ही."

नानांना कायदा दिसतो तिथं काकूंना घर दिसतं. मध्यरात्री पाणी प्यायला उठलेली सून काठापदराच्या साडीत आणि पूर्ण दागिन्यांत कशी? पोळ्या लाटतात त्या कणकेला हात का चिकटत नाही? एवढ्या मोठ्या वाड्यात केर कोण काढतं? हे प्रश्न नानांच्या सगळ्या कलमांपेक्षा भारी आहेत, असं मला वाटतं. पण काकू ते हसत विचारतात आणि विसरतात. नाना विसरत नाहीत.

'आई कुठे काय करते' चालू होती तेव्हा या घरात रोज दोन पक्ष पडायचे. अनिरुद्धचं संजनाशी प्रकरण, अरुंधती इतकी वर्षं स्वयंपाकघरात. काकूंचं रक्त उसळलेलं. नाना वालावरून नजर न हटवता म्हणाले, "आता तो गुन्हा राहिला नाही. कलम 497 सुप्रीम कोर्टानं 2018 साली रद्द केलं." काकूंनी रिमोट खाली ठेवला. "मी कलम विचारलं होतं का?" त्या रात्री त्या घरात जेवायला पिठलं-भात होता आणि पिठल्यात मीठ नव्हतं.

'माझ्या नवऱ्याची बायको'वर तर ते नावापासूनच चवताळलेले. "पहिली हयात, घटस्फोट नाही, तर दुसरी बायको ठरतेच कशी? कलम 494. सात वर्षांपर्यंत शिक्षा. आता न्याय संहितेत कलम 82." मालिका 2021 सालीच संपली, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "गुन्हा घडला तेव्हाचं कलम लागतं," असं ते म्हणाले, आणि हे खरंच बरोबर आहे. राधिकानं मसाले विकून तीनशे कोटींची कंपनी उभी केली यावर साऱ्या राज्यानं विनोद केले. नानांना एकच चिंता, लेखापरीक्षण कोणी केलं.

चांगल्या मालिका कधी संपल्या, असं विचारलं की त्यांचा आवाज बदलतो. दूरदर्शनवरची 'दामिनी', मग 1999 ची 'आभाळमाया', मग 'वादळवाट'. तिथं मराठी मालिका संपली, ही त्यांची तारीख. बरं, मग 'चार दिवस सासूचे'? ती 2001 पासून 2013 पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग. त्यातली कुठली सून कुणावर का रुसली होती हे ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगतात. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या बाळंतपणाचा हिशेब त्यांनी कालनिर्णयावर मांडला होता. एकेक महिना उलटत होता आणि बाळ काही येत नव्हतं. "एवढ्या वेळात दिवाणी दावासुद्धा निकाली निघाला असता," असं बोलून गेले, आणि मग प्रामाणिक माणूस असल्यामुळं थोडं थांबून म्हणाले, "नाही, निघाला नसता."

नट बदलतात हे तर त्यांना अजिबात खपत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया बदलली, पुढं पहिली शनाया परत आली. 'प्रेमाची गोष्ट'मध्ये तेजश्री प्रधान गेली आणि 2025 च्या सुरुवातीला त्याच मुक्ताच्या जागी स्वरदा ठिगळे उभी राहिली. घरातल्या कुणीही 'अगं, तुझा चेहरा असा कसा झाला?' म्हणून विचारलं नाही. नानांचा मुद्दा असा: "पक्षकार मयत झाला तर वारस रेकॉर्डवर घेतात. इथं पक्षकार धडधाकट, आणि त्याच्या नावानं दुसरीच सही करतेय!" काकू दोन भागांत रुळल्या. नाना पुष्कळ दिवस नव्या मुक्ताला 'त्या बाई' म्हणत होते.

मध्यंतरी बंगळुरूच्या सुनेनं त्यांना एक गोष्ट सांगितली आणि नानांना नवं बळ आलं. 'आई कुठे काय करते' मुळात बंगाली 'श्रीमोयी'वरून आलेली, हिंदीतली 'अनुपमा'ही तिथलीच. 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून. 'लक्ष्मी निवास' कानडीवरून. दुसरा एखादा 'आपल्याकडं लेखक नाहीत का' म्हणून हळहळला असता. नाना खूश झाले. "म्हणजे हे अपील आहे! मूळ निकाल आधीच लागलाय!" त्यांनी सुनेला फोन करून चेन्नईत काय ठरलं याची रीतसर चौकशी केली, जणू नकलेचा अर्जच टाकला. तमिळमधला निकाल मराठीत फिरवला गेला तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. ॲपवर उद्याचा भाग आजच दिसतो हेही सुनेनंच सांगितलं, पण त्याला त्यांचा सक्त विरोध आहे. निकाल जाहीर होण्याआधी फुटणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. सून सांगू लागली तर ते अडवत नाहीत, एवढंच.

मला स्वतःला वाटतं, मालिकावाले या चुका करतात त्या सगळ्याच काही अडाणीपणानं नाही. रोज अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचा मजकूर, त्यातही बरेचदा संवाद त्याच दिवशी सेटवर पोचतात. तेव्हा चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा मारला की एक मिनिट सुटतं, ताट पडलं की दुसरं. हे झालं पोटापाण्याचं. पण त्याशिवाय त्यांना नाना ठाऊक असतात. ज्याला गोष्ट आवडली तो एखादा दिवस चुकवेल; ज्याला ती चुकीची वाटते तो चुकवत नाही. त्याला उद्या काय चुकतंय ते बघायचं असतं. काकू लग्नाकार्याला गेल्या तर मालिका विसरतात. नानांनी मुंजीच्या पंगतीत शेजारच्याला मोबाइल मागितलेला मी पाहिलाय. 2021 मध्ये राज्यात चित्रीकरण बंद झालं आणि बरीच पात्रं अचानक गोव्याला जाऊन राहिली, तेव्हाही अधिकारक्षेत्राचा मुद्दा उचलण्यासाठी ते एकही संध्याकाळ हलले नाहीत.

त्यांचं खरं दुःख गुरुवारी बाहेर येतं. गुरुवारी 'बार्क'चे टीआरपीचे आकडे येतात. देशभरातल्या हजारो निवडक घरांत मीटर बसवलेले असतात आणि ती घरं कुठली हे गुप्त ठेवतात. नानांच्या घरी मीटर नाही. म्हणजे इतक्या वर्षांचा रोजनामा, इतक्या हरकती, सगळं दप्तरी दाखलच नाही. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मीटर असावा असा त्यांना संशय आहे, कारण तिथली माणसं कधी कुठल्या मालिकेविषयी बोलत नाहीत. "ज्यांना काही मत नाही त्यांच्याकडं मीटर!" मीटर असता तरी त्यात फक्त टीव्ही कुठल्या वाहिनीवर होता आणि समोर घरातलं कोण होतं एवढंच नोंदलं गेलं असतं, समोरचा शिव्या देत होता हे नाही, असं मी म्हणालो. नाना बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. असल्या पुराव्यावर निकाल देणारं खालचं कोर्ट त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात काकू बहिणीकडं कराडला गेल्या आणि पेच पडला. 'ही बघते' म्हणायला घरात 'ही' नाही. पहिल्या संध्याकाळी नाना आमच्याकडं शिडी परत द्यायला आले. शिडी आमची नव्हती. आमच्याकडं बातम्या चालू होत्या, ते उभ्या उभ्या थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं ते... दुसरं काही लागत नाही का?" आमच्या हिनं वाहिनी बदलली. ते बसले. पहिल्या जाहिरातीपर्यंत हातोड्याचा मुद्दा झाला, दुसऱ्या जाहिरातीपर्यंत निशाणीचा, आणि भाग संपता संपता आमची ही, जी आजवर मालिकांना नाकं मुरडायची, त्यांना विचारत होती, "पण मग त्या प्रियाला आत का टाकत नाहीत?"

तेवढ्यात कराडहून फोन आला. नानांनी काकूंना संबंध भाग सांगितला. कोण कुठल्या दारातून आलं, कुणी कुणाकडं कसं पाहिलं, मध्ये कायदा कुठं मोडला. खलनायिकेचं बोलणं तिच्या आवाजात, सासूचं सासूच्या. मालिकेला लागला असेल त्याहून जास्तच वेळ लागला.

"झालं?" पलीकडून काकू म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता. "मी इथं बघितला आत्ता. शेवटी पाकीट सायलीनं उचललं, अर्जुननं नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ती प्रिया फार छान करता."

नानांनी खिशातून पेन काढलं, आमच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि पाकिटाची दुरुस्ती टिपून ठेवली.