सिबिलसाहेबांस गोरेगावहून

श्री. सिबिलसाहेब यांस,
मुक्काम गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली येथून शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

परवा पीककर्जासाठी बँकेत गेलो. मॅनेजरसाहेबांनी तुमचं नाव उच्चारलं नाही. शेतकऱ्याकडे सिबिल स्कोअर मागाल तर गुन्हा दाखल करू, असा दम मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकांना दिला. तेव्हापासून जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या तसं तुमचं टाळतात. ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतात. सिस्टीम कोण, हे आम्ही समजून घ्यायचं.

बाजूच्या टेबलावरच्या पोराला मात्र आमची दया आली. म्हणाला, “काका, स्कोअर सुधारा की.” उपायही सांगितले. दर महिन्याला हप्ता वेळेवर भरा. कार्डाची मर्यादा तीस टक्क्यांच्या आतच वापरा. जुनं कार्ड बंद करू नका. सारखे कर्जाचे अर्ज करू नका.

साहेब, आमच्याकडे कार्ड एकच, किसान क्रेडिट कार्ड. जूनमध्ये बी-खताला पैसे लागतात तेव्हा लाखातले तीस हजार काढून सत्तर हजार तुमच्या मनःशांतीसाठी ठेवायचे, तर सोयाबीन तीस टक्के रानातच पेरावं लागेल. आणि दर महिन्याला? आमच्याकडे महिना पगाराचा नसतो. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर घरात येतं, हळद त्याच्याही कितीतरी मागून. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तरच ते अनुत्पादक धरायचं, असं खुद्द रिझर्व्ह बँक सांगते. म्हणजे हंगाम नावाची गोष्ट मुंबईत माहीत आहे. तुमच्याच रकान्यात ती मावली नाही.

सोयाबीनवरच्या येलो मोझॅक रोगाचाही रकाना नाही. २०२३ साली पानं पिवळी पडत गेली, शेंगा भरल्याच नाहीत. तुमच्या दप्तरी नोंद एवढीच: भरणा नाही. पुढच्या साली पीक आलं, हमीभाव ४,८९२ रुपये आणि व्यापारी चार हजारांवर अडून बसलेला. मधल्या फरकाची थकबाकी कोणाच्या नावावर चढली, ते सांगायला नको.

आणि ती तडजोड! बँकच लोकअदालतीची नोटीस पाठवते, ‘एवढे भरा, मिटवून टाका’ म्हणते, चहा पाजते. माणूस बायकोचं सोनं मोडून भरतो. मग तुमच्याकडे शेरा पडतो, ‘सेटल्ड’, आणि पुढची बँक त्या शेऱ्यावरून त्याला दारातून परत पाठवते. पैसे भरल्याची शिक्षा आम्ही दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती.

याच गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. कर्ज फेडायला आमचे अवयव विकत घ्या, म्हणाले. दरही लिहिले: लिव्हर ९० हजार, किडनी ७५ हजार, डोळे २५ हजार. बुडवायचं असतं तर माणूस डोळ्याचा भाव काढतो का? फेडायची दानत याहून उघडी करून दाखवायची तरी कशी? सांगा ना, या पत्राचे गुण किती दिलेत? तीनशे ते नऊशेच्या मध्ये कुठे बसवलंत त्यांना?

जाऊ द्या. तुम्हाला बोलून तरी काय उपयोग. बँका पाठवतील ते तुम्ही मांडायचं, चुकीचं आलं तर चुकीचं मांडायचं, आणि शिव्या मात्र तुम्ही खायच्या. मॅनेजर तुमच्याआड लपतो, वरचा साहेब मॅनेजरच्या आड, सरकार गुन्ह्याच्या धमकीआड. तुम्हाला बिचाऱ्याला लपायला जागाच ठेवली नाही कुणी.

कळावे, लोभ नाहीच, पण असावा.
आपला,
कमी गुणांचा एक खातेदार

ता. क. : आमच्या चुलत्याचं ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं, तरी तुमच्याकडे ते अजून चालूच दिसतं. बेबाकीच्या दाखल्याची झेरॉक्स जोडून तक्रार केली आहे, पोच जपून ठेवली आहे. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. चुलते कॅलेंडरवर रोज फुली मारतात. हप्ता वेळेवर भरावा.