श्रीयुत अँड/ऑर यांना अनावृत पत्र

श्रीयुत अँड/ऑर यांस,

सा. न. वि. वि. पत्रास कारण की, इंग्रजीतल्या दुसऱ्या कुठल्याही उभयान्वयी अव्ययाच्या नशिबी आपल्याइतकी भरभराट आलेली नाही. बिचारा 'अँड' जोडत बसतो, बिचारा 'ऑर' निवडायला लावतो. आपण मात्र दोघांच्या मधल्या तिरक्या रेघेला टेकून बसलात आणि काम कुठलंच न करता पगार दोघांचा घेता. भाडेकरार, विमा पॉलिसी, निविदा, सोसायटीच्या पुनर्विकासाची जाडजूड बाडं, जिथे म्हणून सही करताना माणसाचा हात थबकतो तिथे आपण हजर. आपल्या उपस्थितीनं कागदाला वकिली वजन येतं, असा समज आहे. माझं म्हणणं उलट आहे. ज्याला आपण सावधगिरी म्हणवता ती निर्णय टाळण्याची सोय आहे, आणि टाळलेल्या निर्णयाचं बिल पुढे कधीतरी सही करणाऱ्याच्या नावानं फाटतं.

आपलं घराणं तसं दर्यावर्दी. १८५५ साली इंग्लंडच्या न्यायालयात एका जहाजाच्या भाडेकराराचा खटला उभा राहिला. त्रिनिदादहून साखर, काकवी 'अँड/ऑर' इतर कायदेशीर माल भरून आणायचा, असा करार होता. साखर आणि काकवीची पिंपं भरली, पण पिंपांच्या मधल्या फटी रिकाम्या राहिल्या. त्या फटींत 'इतर माल' भरायला हवा होता, असं जहाजवाल्याचं म्हणणं. म्हणजे अख्खं भांडण आपण साखरेबरोबर आलात की साखरेऐवजी, यावर येऊन ठेपलं, आणि आपला नेमका अर्थ काय यावर न्यायाधीशांचंही एकमत होईना. शेवटी त्रिनिदादच्या बंदरातला रिवाज काय, ते पाहून प्रश्न सुटला. नीट पाहा, सोडवणूक बंदरानं केली, आपण नव्हे. पुढे १९३५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं आपल्याला दुतोंडी शाब्दिक राक्षस ठरवलं. १९४०च्या दशकात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये व्हायकाउंट सायमन यांनी तर थेट आपल्या जन्माच्या वैधतेवरच बोट ठेवलं. इतकी मानपत्रं गाठीशी असूनही आपली नेमणूक कायम आहे, याचं कौतुक करावं तेवढं थोडं!

आता एक कलम जवळून पाहू. 'छताच्या गळतीची दुरुस्ती मालक अँड/ऑर भाडेकरू करील.' लिहिणाऱ्याला वाटतं, दोघंही बांधले गेले. जुलैत छत गळू लागतं. मालक 'ऑर' वाचतो आणि भाडेकरूकडे बोट दाखवतो. भाडेकरूही 'ऑर'च वाचतो आणि मालकाकडे दाखवतो. 'अँड' कुणीच वाचत नाही, कारण त्यात खर्च आहे. दोघांना बांधण्यासाठी आणलेल्या शब्दानं दोघांनाही मोकळं केलं. परवानगीच्या वाक्यात आपण निरुपद्रवी असता, हे मान्य. 'सभासदांनी चहा अँड/ऑर कॉफी घ्यावी' यावरून कोर्टकचेरी होत नाही; पण तिथे नुसता 'ऑर' पुरतो, आपली गरज पडत नाही. जबाबदारीच्या वाक्यात मात्र निवड कुणी करायची, हा प्रश्न आपण उघडा टाकता, आणि अशी निवड बहुधा ज्याचा हात वर असतो तोच करतो. आरोपाच्या वाक्यात तर कहर. 'अमक्यानं अँड/ऑर तमक्यानं अपहार केला' असं लिहिणाऱ्यानं कुणावरच आरोप केलेला नसतो, फक्त दोघांना घाम फोडलेला असतो.

यावर आपले वकील म्हणतील, आपला अर्थ अगदी पक्का आहे: हे, किंवा ते, किंवा दोन्ही, एका रेघेत तीन शक्यता मावतात, मग शब्द कशाला वाढवायचे? हा आक्षेप वजनदार आहे, कारण इंग्रजी 'ऑर' खरोखरच दोन अर्थांनी चालतो. कधी त्यात 'दोन्ही' धरलेलं असतं, कधी नसतं. पण उत्तरही जुनंच आहे. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ साली मसुदा केलेली आणि १८६० साली मंजूर झालेली भारतीय दंड संहिता उघडा. चोरीची शिक्षा काय? तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. आपली तिन्ही शक्यतांची करामत तिथे साध्या शब्दांत, तिरक्या रेघेवाचून झालेली आहे. खुनाच्या कलमात मृत्युदंड किंवा जन्मठेप, 'आणि' शिवाय दंड. इथे 'किंवा' फक्त दोन शिक्षांच्या मधे उभा आहे आणि 'आणि' दंडाला दोघींशी बांधतो. ज्याला जिथे ठेवलं तो तिथेच राहिला. हा कायदा १ जानेवारी १८६२ला लागू झाला आणि ३० जून २०२४पर्यंत चालला. माणसाला फाशी देणाऱ्या संहितेला आपल्यावाचून दीडशेहून अधिक वर्षं अडलं नाही, मग पार्किंगच्या नियमावलीला का अडावं?

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. साधा 'अँड' तरी कुठे धुतल्या तांदळासारखा? भारतीय औषध कायद्याच्या व्याख्येत 'औषधं अँड पदार्थ' असे शब्द होते. कापूस, गॉझ, बँडेज हे काही औषध नव्हेत. मग ते कायद्यात बसतात का, हा प्रश्न साठच्या दशकात मुंबईच्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि बसतात असा निकाल लागला. १९६८ साली न्यायालयानं त्या 'अँड'चा अर्थ 'ऑर'सारखा घ्यावा लागेल, हे उघड सांगितलं. अमेरिकेत १५ मार्च २०२४ला तर तीन अटींच्या यादीतल्या एका 'अँड'वरून सर्वोच्च न्यायालय सहा विरुद्ध तीन असं फुटलं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात किमान शिक्षेतून सूट हवी असेल, तर पूर्वीच्या गुन्ह्यांविषयीच्या तीन गोष्टी आरोपीकडे 'नसाव्यात'. पण तिन्ही एकत्र नसाव्यात, की तिन्हींपैकी एकही नसावी? बहुमतानं दुसरा अर्थ धरला आणि अनेक कैद्यांची सूट मिळण्याची आशा मावळली. म्हणजे 'अँड'ही घोटाळा करतो, हे खरंच. पण या घोटाळ्यात लिहिणाऱ्यानं एक शब्द निवडलेला असतो, आणि त्याला काय म्हणायचं होतं ते कायद्याच्या हेतूवरून शोधता येतं. बँडेज निकृष्ट निघालं तर रुग्णाला धोका आहे, इथून न्यायालय पुढे जाऊ शकतं. आपण आलात की शोधायला काही उरतच नाही, कारण लिहिणाऱ्यानं ठरवलेलंच नसतं. शिवाय त्या अमेरिकी कलमाला औषध एका ओळीचं होतं: 'खालीलपैकी एकही नसावी'. ते लिहायला बसलेल्याला आधी विचार करावा लागला असता, एवढीच अडचण.

पैशाच्या व्यवहारात आपली किंमत फार लवकर कळते, म्हणून बँकेच्या फॉर्मवर आपल्याला जागा नाही. संयुक्त खात्याच्या फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर', 'जॉइंटली' असे पर्याय असतात आणि एकावरच खूण करायची असते. पहिल्यात दोघांपैकी कुणीही पैसे काढेल, दुसऱ्यात पहिला हयात असेपर्यंत तोच, तिसऱ्यात दोघांच्या सह्या. नवरा-बायको काउंटरपाशी उभ्या उभ्या हा निर्णय घेतात. त्यासाठी त्यांना कुणी कायद्याची पदवी विचारत नाही. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमातही चेक दोघांना मिळून द्यायचा की दोघांपैकी एकाला, हे दोन प्रकार वेगळे सांगितलेले आहेत. अमेरिकेच्या यूनिफॉर्म कमर्शियल कोडनं तर आपल्यासाठी खास सोय केली. चेकवर दोन नावं संदिग्ध रीतीनं जोडलेली असतील, तर तो दोघांपैकी कुणीही वटवावा. म्हणजे तिथे आपला 'अँड' कायद्यानंच छाटून टाकला आणि उरलेल्या 'ऑर'ला कामाला लावलं. ज्यानं घाईघाईत दोघांच्या सह्या हव्यात म्हणून आपल्याला बोलावलं असेल, त्यानं आता वटलेल्या चेकचं स्टेटमेंट वाचत बसावं.

एवढं होऊनही आपण मराठीत 'आणि/किंवा' या नावानं बिऱ्हाड थाटलंच आहे. निविदेत 'अर्जदाराने दाखला आणि/किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे' अशी ओळ दिसते, आणि सावध अर्जदार दोन्ही जोडतो, कारण एक जोडून अर्ज बाद होण्यापेक्षा झेरॉक्सवाल्याला चार रुपये देणं परवडतं. खिडकीमागच्या कारकुनालाही यातलं नेमकं काय हवं होतं हे माहीत नसतं, म्हणून तोही दोन्ही ठेवून घेतो. मराठी कायद्याच्या भाषेत 'किंवा दोन्ही' हे तीन पिढ्यांना पाठ असलेले शब्द आहेत. मसुदा लिहिणाऱ्यानं ते उचलावेत आणि आपल्याला सन्मानानं निवृत्त करावं, अशी आमची मागणी आहे. तिची एक प्रत पुनर्विकासाच्या समितीकडे आणि एक बिल्डरकडे पाठवली आहे; दोघांकडेही, 'अँड/ऑर' नव्हे.

कळावे. लोभ असावा किंवा नसावा. दोन्ही एकदम मात्र नको.

आपला,
एक सही करणारा