एकरी शून्य टन

आष्ट्यात माणूस भेटला की तब्येत नंतर विचारतात, आधी ऊस विचारतात. किती कांड्यांवर आलाय, एकरी किती बसेल. एकरी शंभर टनाचा धडा शेतकऱ्यांना देत फिरणारे संजीव माने याच गावचे, त्यामुळं इथं साठ टनवाला लग्नाच्या मांडवात आपण होऊन मागच्या खुर्चीवर बसतो. अशा गावात आमच्या आण्णांनी निवृत्तीनंतर झाडं लहान ठेवायचा उद्योग काढला.

तोही कुणी? उभी हयात साखर कारखान्याच्या शेती खात्यात काढलेल्या माणसानं. उसाच्या नोंदी घ्यायच्या, तोडीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, को ८६०३२ जातीची कांडी लांब सुटावी म्हणून जिब्रेलिक आम्ल कधी फवारायचं ते बांधावर उभं राहून सांगायचं. तेच आण्णा आता वडाच्या दोन पानांतलं अंतर सूतभर कमी व्हावं म्हणून डोळ्याला चष्मा लावून शेंडे खुडत बसतात.

कच्चा माल गावभर आहे. पाखरांनी टाकलेलं वडा-पिंपळाचं बी जुन्या भिंतीच्या फटीत रुजतं, उपाशी राहतं, बुंध्यानं जाड होतं आणि उंचीनं मात्र वाढत नाही. बोन्सायला असंच रोप लागतं. त्यामुळं आण्णा रस्त्यानं माणसांकडं बघत नाहीत, भिंतींकडं बघतात. वाटणीचा दावा चालू असलेल्या एका वाड्यापुढं ते अर्धा तास मान वर करून उभे राहिले, तर आतल्या दोन्ही भावांनी आपापल्या वकिलाला फोन लावला.

फांद्या वळवायला तांब्याची तार लागते. ती मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. विजेच्या कृपेनं आपल्याकडं मोटारी जळायला कमी नाहीत. तापून निघालेलं तांबं मऊ पडतं, गुंडाळून वाकवलं की फांदीला धरून ठेवतं. फक्त सालीत रुतायच्या आत तार सोडवावी लागते. त्या तारखा काकींच्या कॅलेंडरवर असतात, दुधाच्या खाड्यांशेजारी. कुंडी उथळ हवी, म्हणून आधी काकींची काठवट गेली, मग परात गेली. दोन्ही वेळेला भोकं पाडून झाल्यावर कळवण्यात आलं. वटपौर्णिमेला काकी घरातले पाच वड ओलांडून गावातल्या वडाला जातात. "आधीच तार गुंडाळलीया, आनि मी दोरा कुठं गुंडाळू?" हा त्यांचा सवाल बिनतोड आहे.

उथळ कुंडी उन्हाळ्यात दिवसातनं दोनदा पाणी मागते. साहजिकच वैशाखातल्या कुठल्याही लग्नात अक्षता पडल्या रे पडल्या की आण्णा एसटी स्टँडवर. "घरी लहान आहेत," एवढंच सांगतात. पाहुणे नातवंडं समजून पेढ्यांचा पुडा बांधून देतात, तो आण्णा वाटेत संपवतात.

खरी गंमत शेजारच्या बापूची. बापू ऊसवाला. लहान राहिलेलं पीक त्याला बघवत नाही. "आण्णा, हुमणी लागली का ओ?" असं त्यानं दोन-चारदा विचारून पाहिलं. मग आण्णा दवाखान्यात असताना दया येऊन त्यानं सगळ्यात थोरल्या वडाला युरियाचं पाणी घातलं. खुडून खुडून रुपयाएवढ्यावर आणलेली पानं नव्या फुटव्याला तळहाताएवढी झाली. "बघा, उठलं का न्हाय!" बापूनं फाटकातच सांगितलं. त्यानंतर गळीत हंगाम सुरू होईपर्यंत आण्णा त्याच्याशी बोलले नाहीत. बापूला अजून वाटतं, माणूस भारावून गेला होता.

बोन्सायवाल्याला झाडाची उंची विचारू नये, वय विचारावं. मग आण्णा जपानमधला एक पाइन काढतात: १६२५ पासून कुंडीत, हिरोशिमावर १९४५ साली बॉम्ब पडला तेव्हा तिथंच, तरीही जिवंत; मालक यामाकी यांनी १९७६ साली तो अमेरिकेला भेट दिला, आता वॉशिंग्टनला आहे.

"चारशे वर्सं?" बापू म्हणाला. "आनि आजून कुंडीतच? लागणच चुकली म्हनायची."

आण्णांनाही मग चारशे वर्षांचं झाड हवं झालं. मिरज तालुक्यात भोशाला चारशे वर्षांचा म्हणून नावाजलेला वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. २०२० साली लोक आडवे आले, आराखडा बदलला, वड वाचला. आणि २०२२ च्या जूनमध्ये आपला आपणच कोसळला. आण्णांनी मोटारसायकल काढली आणि मनगटाएवढी फांदी पाठीला बांधून आणली. वडाची जाड फांदी नुसती मातीत खोचली तरी मुळं धरते. हिनंही धरली. आता पाहुण्यांना ओळख करून देताना आण्णा सांगतात: "वय चारशे."

बापूनं हरकत घेतली. "लागण बावीस सालची, आनि वय चारशे कसं?"

"तू उसाचं बी पेरतोस का लेका?"

"न्हाय. कांडीच लावतो."

"मग? कांडीची कांडी, तिची कांडी. तुझा ८६०३२ म्हणजे मूळचं एकच झाड, कोइमतूरचं. आडसाली कसली, चाळीस वर्षांचा ऊस घालतोयस तू कारखान्याला!"

बापू गप्प झाला. जरा वेळानं त्यानं कुंडीला बोटानं माप घेतलं. "एकरी किती बसत्याल?"

आण्णांचा हात जुन्या सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडं गेला. दीड फूट बाय एक फूट. "वाट न सोडता, एकोणतीस हजार चाळीस."

"आनि तोड कवा?"

"रोज," म्हणून आण्णांनी कात्री उचलली.