माघ-फाल्गुनात गरवायला बसण्याचा शास्त्रोक्त विधी

सर्वात आधी भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्यावरून काढून हातात घ्यावे. काठी, रीळ, गॉगल, सतरा खिशांचे जाकीट ही सगळी नंतरची खरेदी. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या रेवदंड्याच्या खाडीत मासा तिथीने चालतो आणि आपण शनिवार-रविवारने. या विद्येतली मूळ अडचण ती हीच.

गणित सोपे आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावे, पक्ष शुक्ल असो की कृष्ण. पुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडाफार फरक पडला तर तो चंद्राच्या खाती मांडावा.

आता निसर्गाची खोडी पाहा. पाणी जोरात धावते ते पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, आणि पाणी धावले की मासा खायला निघतो. पण त्या दिवशी भरती भर दुपारी, नाहीतर मध्यरात्री. पहाटे उठून, थर्मासात चहा भरून, सहाला जेट्टीवर पोचलेल्या उत्साही गृहस्थापुढे चिखल पसरलेला असतो आणि त्यात त्याच्याकडे बघणारे खेकडे. उलट अष्टमीला सूर्योदयाच्या वेळीच भरती पुरी होते, फोटोही सुरेख येतात. मात्र ते भांगाचे पाणी. स्वतःही हलत नाही आणि माशालाही हलवत नाही.

यावर तोड म्हणजे द्वितीया-तृतीया. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो आणि उजाडता उजाडता सुकती चांगली धावत असते. चतुर्थीचे पाणीही उत्तम, पण कृष्ण पक्षात ती संकष्टी आणि माघात शुक्ल पक्षातली गणेशजयंती. त्या दिवशी जिताडा घेऊन घरी जाणाऱ्याने आधी सासूबाईंचा अंदाज घ्यावा.

थंडीचा बाऊ करू नये. रायगडच्या किनाऱ्यावर माघातली थंडी म्हणजे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा. तो पाठीवर घेऊन फेकलेली गरी लांब जाते. दुपारी खारे वारे उलटे वाहू लागतात, तेव्हा फेकलेली गरी शेजाऱ्याच्या टोपीत सापडते. कानटोपी घालायची असेल तर घालावी. मासा तुमच्याकडे बघत नसतो.

तो तुमच्या चकचकीत नकली माशाकडेही बघत नाही, हे सांगताना मला वाईट वाटते, कारण तो बराच महाग असतो. उधाणाला ही खाडी इतकी गढूळ होते की हातभर खालचे दिसत नाही. डोळ्यांसाठी बनवलेली वस्तू तिथे काय कामाची? तिथे वास चालतो. कोलंबी जिवंत मिळाली तर सोने, नाहीतर बांगड्याची तिरपी कापलेली पट्टी. कोलंबी विकत घेताना ती कशासाठी हवी आहे ते कोळणीला सांगू नये. ती हसते आणि भाव उतरवत नाही.

जेट्टीशेजारी पाण्यावर उड्या मारणारे मासे दिसतील. मन घट्ट करून तिकडे पाठ फिरवावी. ते बोईट. ते चिखलावरचे शेवाळ आणि गाळातला कचरा खातात. तुमची कोलंबी त्यांच्या आहारात बसत नाही. ते पागेने धरायचे मासे आहेत. तरीही दर रविवारी कोणी ना कोणी त्यांच्यावर गरी फेकत दोन तास घालवतो, आणि त्याची काठी नेहमी सर्वात भारी असते.

जिताडा हवा असेल तर खारबंदिस्तीची उघाडी गाठावी. सुकती लागली की शेताखाजणातले पाणी उघाडीतून खाडीत उतरते, त्याबरोबर बारीक मासळी आणि कोलंबी येते, आणि जिताडा तोंडाशी सावलीत दबा धरून असतो. कांदळाच्या मुळांशी आणि पुलाच्या खांबांशीही तो असाच बसतो. हा मासा आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो, म्हणून थोराड जिताडा बहुधा जिताडीच असते. थंड पाण्यात तो सुस्तावतो, तेव्हा फाल्गुनात पाणी तापू लागेपर्यंत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

प्रत्यक्षात गरीला लागतो तो शिंगाळा. काठी वाकते, आजूबाजूचे उठून उभे राहतात, आणि वर येतो मिशाळ, चिकट, कुरकुरणारा शिंगाळा. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन विषारी, करवती काटे त्याच्याजवळ असतात. येथे विडंबन थांबवून सांगतो: त्याला उघड्या हाताने धरू नका. फडके आणि पक्कड जवळ ठेवा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. आणि फुगून चेंडू होणारा केंड वर आला तर त्याला सोडून द्या. तो चोचीसारख्या दातांनी तंगूस तोडतो आणि त्याचे विष शिजवूनही जात नाही.

आता जेट्टीवरचे शिष्टाचार. जाणारा-येणारा प्रत्येक जण विचारणार, "काय गावला काय?" याला "नाय अजून" एवढेच उत्तर आहे. पाणी, वारा, हवामान बदल यांवर भाषण करू नये. शेजारी एखादे आजोबा रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस घेऊन उकिडवे बसलेले असतील आणि त्यांच्या पिशवीत काहीतरी फडफडत असेल. त्यांना आमिष कोणते हे विचारावे. जागा कोणती हे विचारू नये. त्यांनी "शेठ, जरा सरका" म्हटले तर वाद न घालता सरकावे.

तुटलेला तंगूस मात्र खिशात घालून घरी न्यावा. तो कुजत नाही आणि पाणकावळ्याच्या पायात गुरफटतो. शिमग्याच्या दिवसांत कोळ्यांच्या होड्या सणासाठी घरी परततात आणि बंदरावर पाय ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा काठी घरीच ठेवावी आणि आमंत्रण आले तर जेवायला जावे. होळीला भरती किती वाजता, ते आता तुमचे तुम्ही काढा.