दाढीवाल्याचं विशेषण

कॉलेजात इंग्रजीचे सर एकदा 'शेव्हियन विनोद' असं काहीसं म्हणाले आणि मी वहीत 'शेव्हिंग विनोद' लिहून मोकळा झालो. मागच्या बाकावर ऐकू येतं तेवढंच येतं. पुस्तकात जॉर्ज बर्नार्ड शॉचा फोटो होता. ही भलीमोठी पांढरी दाढी! या गृहस्थाचा वस्तऱ्याशी संबंध काय? पण म्हटलं, नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा, तसं असेल. परीक्षेत ठोकून दिलं : शॉ समाजाची बिनपाण्याने करतो, म्हणून त्याच्या विनोदाला शेव्हिंग विनोद म्हणतात.

खरा प्रकार फार उशिरा कळला. शॉ या आडनावाचं सरळ विशेषण 'शॉइयन'. मोठ्यानं म्हणून पाहा, शिंक अडकल्यासारखं वाटतं. खुद्द शॉलाही ते असह्य व्हायचं. तो सांगे, की कवी विल्यम मॉरिसला कुठल्याशा जुन्या हस्तलिखिताच्या समासात 'शेव्हियस' हे शॉचं लॅटिन रूप सापडलं. सोबत शेरा होता : हा असं म्हणतो खरा, पण वेडगळपणे. (पुढे या शॉलाही तो शेरा पुष्कळांनी मारला.) जुन्या लॅटिनमध्ये डब्ल्यू नाहीच, म्हणून तिथे व्ही. हॅरो शाळेचा विद्यार्थी याच चालीवर हॅरोव्हियन होतो. पंडित नेहरूही हॅरोव्हियनच.

आणि यासाठी लॅटिनपर्यंत जायचं? आमच्या गुरुजींनी छडी हातात घेऊन घोकून घेतलं होतं : नौ अधिक इक, नाविक. 'औ'पुढे स्वर आला की 'आव्'. मग शौ अधिक इक, शाविक! तसा मराठी माणूस एवढ्या खटपटीत पडतच नाही. नुसती 'ई' लावतो : खांडेकरी भाषा, मर्ढेकरी कविता. पंचाईत फक्त गडकऱ्यांची, त्यांना ती जन्मतःच लागलेली.

इंग्रजी स्पेलिंगवर शॉचा भारी राग. नव्या लिपीसाठी त्यानं मृत्युपत्रात पैसे ठेवले आणि १९६२ साली त्याचं 'अँड्रोक्लिस अँड द लायन' त्या लिपीत छापलंही गेलं. लिपीचं नाव अर्थात शेव्हियन.

माझ्या उत्तराला पाचपैकी शून्य मिळालं. हजामतीबद्दल निदान अर्धा गुण द्यायला हवा होता, असं माझं आजही मत आहे.